रॉड बनवणारा महापौर

आमच्या अंगणात कपडे वाळत घालायला दोरी नाही, रॉड आहे. दोन बल्ल्यांवर आडवा टाकलेला, 3 मीटर लांब, करंगळीएवढा जाड. शाळेजवळच्या बोरिंगमधून तो निघाला तेव्हा मी सातवीत होते. एका टोकाचे आटे झिजले म्हणून बाबांनी तो बाद केला आणि सायकलच्या दांडीला बांधून घरी आणला. आईच्या लुगड्यांपासून माझ्या मुलीच्या शाळेच्या ड्रेसपर्यंत सगळं त्याच रॉडवर वाळलं.

बाबा हातपंप दुरुस्त करत. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या भागातली 40-42 गावं त्यांच्याकडे होती. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या सायकलवर मागे बसून जायची. वॉशरचा डबा माझ्या मांडीवर असायचा. त्यामुळे जमिनीखाली काय चालतं ते मला लहानपणीच कळलं. वर दांडा मारला की साखळी ओढली जाते, साखळीला रॉड जोडलेला, त्याच्याखाली दुसरा, त्याच्याखाली तिसरा, आणि सगळ्यांत खाली सिलेंडरमध्ये दट्ट्या. दट्ट्याला चामड्याचे वॉशर. वॉशर घासले की पाणी यायला उशीर लागतो, रॉड तुटला की दांडा एकदम हलका होतो. दांडा हातात घेतल्याबरोबर बाबा सांगत, "रॉड गेला," किंवा, "वायसर गेले." चूक झालेली मी पाहिली नाही.

बाबा शाळकरी पोर होते तेव्हा 1972 चा दुष्काळ पडला. गावोगाव बोअर मारले गेले, पण त्या काळचे ओतीव लोखंडाचे पंप महिना-दोन महिन्यांत मोडायचे. मजबूत पंपाची पहिली कामं आपल्याच महाराष्ट्रात झाली, जालना पंप आणि सोलापूर पंप. पुढे सोलापूर पंपावरून युनिसेफच्या मदतीनं इंडिया मार्क 2 तयार झाला, आणि तोच आमच्या प्रत्येक गावात उभा राहिला. हे सगळं मी बाबांच्या तोंडून ऐकलेलं.

मागच्या दिवाळीत बहिणीचा मुलगा मोबाइलवर एक व्हिडिओ पाहत होता. तेलाच्या विहिरीवरचा पंप, घोड्यासारखी मान वरखाली करणारा. बाबा खाटेवर पडल्या पडल्या बघत होते. ते उठून बसले.

"याच्या पोटात रॉडच असन," ते म्हणाले.

भाच्यानं शोधलं. रॉडच होता. तेलाच्या विहिरीत शेकडो फूट खोल गेलेली रॉडची माळ, वर हलणारी मान, खाली दट्ट्या. आपल्या बोरिंगचाच थोरला भाऊ. तिथं त्याला सकर रॉड म्हणतात. बाबांनी पुढचा प्रश्न विचारला, कारण ते नेहमी तोच विचारतात: "बनवला कोनं?"

या प्रश्नाच्या मागे मी गेले तीन महिने आहे. पुष्कळ वाचलं, जमेल तसं भाच्याकडून समजून घेतलं. ज्या माणसाचा कारखाना या रॉडवर उभा राहिला, तो पुढे अमेरिकेतल्या टोलेडो नावाच्या शहराचा महापौर झाला. एकदा नाही, चार वेळा. मी स्वतः 2017 ते 2022 या काळात गावची सरपंच होते, थेट लोकांतून निवडून आलेली. रॉड आणि खुर्ची या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात सापडल्या, म्हणून हा माणूस मला सोडवेना.

त्याचं नाव सॅम्युअल जोन्स. जन्म 3 ऑगस्ट 1846 चा, वेल्समधला. आईबाप गरीब होते, तो तीन वर्षांचा असताना अमेरिकेला गेले. शाळा त्याला जेमतेम अडीच वर्षं मिळाली. पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिल इथं 1859 साली तेल लागलं होतं, आणि आजूबाजूची तरुण पोरं तिकडे धावत होती. अठराएक वर्षांचा जोन्सही खिशात 15 सेंट घेऊन तिकडे गेला. विहिरी खोदल्या, पंप चालवले, पाईप ओढले, पुढे स्वतःच्या विहिरी घेतल्या. मधल्या काळात त्याची लहान मुलगी गेली, मग बायको गेली. तो दोन मुलांना घेऊन ओहायो राज्यातल्या लिमाला आला, तिथं तेल सापडलं आणि पैसा झाला.

तोवर तेलाच्या विहिरीतले रॉड लाकडाचे असत, सांध्याला लोखंड लावलेले. विहिरी खोल होत गेल्या तसे ते टिकेनात. जोन्सनं सबंध लोखंडी रॉडची युक्ती काढली. मोठ्या तेल कंपनीनं ती नाकारली, तेव्हा त्यानं 1894 मध्ये टोलेडोत स्वतःचा कारखाना काढला. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "लाकूड कसं टिकन? सांधा तं ढिला होनारच." जोन्सनं आयुष्याची पंचवीस-तीस वर्षं विहिरीच्या तोंडाशी काढली होती. सांधा कुठं सुटतो हे तो पाहत आला होता. ज्याच्या हाताला ग्रीस लागलेलं असतं त्यालाच असली युक्ती सुचते, असं मला मनापासून वाटतं.

त्याच्या कारखान्याची गोष्ट जरा सावकाश सांगते. 1893 मध्ये अमेरिकेत मोठी मंदी आली होती. कारखान्याच्या दाराशी फाटक्या कपड्यांतली माणसं कामासाठी हात जोडून उभी राहत. तेलाच्या पट्ट्यात जोन्सनं मेहनती माणसं पाहिली होती, पण कामासाठी अशी लाचार झालेली माणसं त्यानं पाहिली नव्हती. त्या वेळच्या कारखान्यांत भिंतीवर नियमांची लांबलचक यादी असे: उशीर झाला तर इतका दंड, बोललात तर इतका. जोन्सनं एकच पाटी लावली, पत्र्यावर रंगवलेली. बायबलमधलं वाक्य होतं, त्याचा अर्थ असा की लोकांनी तुमच्याशी जसं वागावं असं तुम्हाला वाटतं तसं तुम्ही त्यांच्याशी वागा. या वाक्याला तिकडे सुवर्णनियम म्हणतात. पुढे माणसाचं नावच 'गोल्डन रूल जोन्स' पडलं.

पाटी तर कोणीही लावतो. त्यानं पुढे काय केलं ते बघा. दिवसाचं काम 8 तासांचं केलं. हजेरी घेणारा माणूस काढून टाकला, कामगारांनी आपले तास आपणच लिहायचे. वर्षाला एक आठवडा भरपगारी सुट्टी. नाताळला वर्षभराच्या मजुरीवर 5 टक्के जादा. कारखान्यालगतची मोकळी जागा विकली नाही, तिथं बाग केली, मुलांना खेळायला जागा ठेवली. दुपारचं गरम जेवण लागतीपेक्षा कमी पैशांत. पगाराच्या पाकिटात तो कामगारांना स्वतः लिहिलेली पत्रं घालायचा.

आपले तास आपण लिहायचे, या एका गोष्टीवर मी फार विचार केला. रोजगार हमीच्या कामावर हजेरीपटासाठी बाया दुपारच्या उन्हात कशा ताटकळतात ते मी पाहिलंय. माणूस खोटं लिहील अशी भीती धरूनच आपली सगळी व्यवस्था उभी आहे. जोन्सनं ती भीती बाजूला ठेवली आणि त्याचा कारखाना नफ्यात चालला.

1897 मध्ये रिपब्लिकन पक्षात दोन गट भांडत होते, कोणालाच नको असलेला मधला माणूस म्हणून याला महापौरपदासाठी उभं केलं. थोडक्या मतांनी आला. सगळ्यांना वाटलं, श्रीमंत कारखानदार आहे, आपलं ऐकेल. त्यानं ऐकलं नाही. शहराच्या कामगारांना 8 तासांचा दिवस दिला. बालवाड्या सुरू केल्या, खेळाची मैदानं केली, बागेत फुकट गाणं-वाजवणं ठेवलं. पोलिसांच्या हातातले दंडुके काढून हलक्या काठ्या दिल्या. पोलीस आणि पाणीपुरवठा या खात्यांत ओळखीनं होणारी भरती बंद करून गुणांवर सुरू केली. पाणीपुरवठ्याचं वाचून मी थांबले. टाकीवर पाणी सोडायला कोणाचा पोरगा ठेवायचा, यावरून आमच्या गावात सहा महिने दोन आळ्यांचं बोलणं बंद होतं.

1899 ला पक्षानं तिकीट नाकारलं. जोन्स अपक्ष उभा राहिला. एकूण 24,187 मतांपैकी 16,773 त्याला पडली, उरलेल्यांत दोन्ही मोठे पक्ष. त्याच वर्षी राज्याच्या गव्हर्नरपदालाही तो अपक्ष उभा राहिला, तिथं हरला, पण लाखावर मतं घेऊन हरला. 1901 ला पुन्हा महापौर. 1903 ला शहरातल्या वर्तमानपत्रांनी त्याची साधी बातमी छापायचंही टाळलं, तरी निवडून आला. लोकांपर्यंत तो सभांतून स्वतः जात होता. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पेपरवाले नसतात, पारावरची चार माणसं असतात. ती विरोधात गेली तर काय होतं ते मला माहीत आहे, आणि उंबरठ्यावर जाऊन बोललेलं त्यांनाही पुसता येत नाही हेही माहीत आहे.

मला सगळ्यांत जास्त हलवलं ते त्याच्या कोर्टानं. ओहायोच्या कायद्यात तेव्हा अशी सोय होती की पोलीस कोर्टाचा न्यायाधीश नसेल त्या दिवशी महापौरानं खुर्चीत बसायचं. जोन्स बसायचा. समोर यायचे ते भटके, दारुडे, रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या बाया, भाकरी चोरलेली पोरं. तो एकेकाला विचारायचा आणि पुष्कळांना सोडून द्यायचा. त्याचं म्हणणं असं, की ज्या गोष्टीसाठी पैसेवाला कधी या कोर्टात येत नाही, त्याच गोष्टीसाठी गरिबाला मी आत टाकणार नाही. एकदा एका भटक्याला पिस्तूल बाळगल्याबद्दल पकडून आणलं. जोन्सनं त्याला ते पिस्तूल घणानं फोडायची शिक्षा दिली. शेवटी राज्याच्या विधिमंडळानं कायदा बदलून टोलेडोच्या महापौराचा हा अधिकारच काढून घेतला.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. का ते लिहिते. आजवर हे कुठं लिहिलेलं नाही.

2018 चा पाऊस दगा देऊन गेला. 2019 च्या उन्हाळ्यात विहिरीनं तळ गाठला, नळ दोन दिवसांआड आले, आणि पाणीपुरवठ्याचं वीजबिल थकलं. वसुली झाली नाही तर मोटरच बंद पडणार होती. सभेत ठराव झाला, दोन वर्षांच्या वर पाणीपट्टी थकलेल्यांचे नळ तोडायचे. यादी आली. अकरा नावं. मी सही केली. रीतसर होती, ठरावाला धरून होती, आणि मला तेव्हा आपण कणखर सरपंच आहोत असं वाटलं.

आमच्या पंचायतीच्या बाहेरच्या भिंतीवर गाडगेबाबांची दशसूत्री रंगवलेली आहे. ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं त्या वेळची, निळ्या अक्षरांत. गाडगेबाबा आमच्याच वऱ्हाडातले, शेंडगावचे. पहिली ओळ, भुकेलेल्यांना अन्न. दुसरी, तहानलेल्यांना पाणी. त्या भिंतीच्या आतल्या बाजूला बसून मी अकरा घरांचं पाणी बंद केलं.

त्यातलं एक घर आमच्या मागच्या आळीतल्या काकूंचं. एकट्या राहतात, निंदायला जातात. निराधारचे पैसे कुठंतरी कागद अडकल्यामुळे सहा महिने आले नव्हते. पैसे असते तर त्यांनी भरले असते, त्यांनी कधी कोणाचं ठेवलेलं नाही. त्या पाण्याचे दोन गुंड, म्हणजे हंडे, घेऊन शाळेजवळच्या बोरिंगवर जायला लागल्या. मे महिना, बोरिंगचं पाणी खोल गेलेलं, वीस-पंचवीस वेळा दांडा मारल्यावर धार लागायची, आणि त्यांचे गुडघे गेलेले.

त्याच वेळी गावात तीन घरांत नळाला टिल्लू पंप लावलेले होते. नळ आला की मोटर सुरू, पुढच्या सगळ्या घरांचं पाणी तिकडे. हे सगळ्यांना माहीत होतं, मलाही होतं. पण त्यांची पाणीपट्टी भरलेली होती, म्हणून यादीत त्यांची नावं नव्हती.

चौथ्या दिवशी बाबा बोरिंगवर गेले होते, दांडा जड लागतो अशी तक्रार होती म्हणून. तोवर त्यांची नोकरी संपली होती, तरी लोक त्यांनाच बोलावतात. घरी आले, हात धुतले आणि मला एवढंच विचारलं, "नळ तोडाच्या आंधी त्याहिच्या घरी जाऊन पाह्यलं व्हतं का तुनं?"

मी अकरांपैकी एकाही घरी गेले नव्हते.

मग गेले. सगळ्या घरांत जायला तीन दिवस लागले. आठ घरांना हप्ते बांधून दिले, दोघांनी लगेच भरलं. काकूंच्या घरी शेवटी गेले, कारण तिथं जायची हिंमत होत नव्हती. त्यांनी बसायला पोतं टाकलं, पाणी विचारलं. पाणी विचारलं त्यांनी मला! आणि म्हणाल्या, "बाई, मले एक डाव इचारलं तं असतं." नळ पुन्हा जोडेपर्यंत नऊ दिवस गेले होते. टिल्लू पंप काढायला त्याहून जास्त दिवस लागले आणि त्यात माझी काही मतं गेली.

जोन्स त्या खुर्चीत बसून जे करत होता ते एवढंच होतं, समोरच्याला विचारत होता. कागदावर नाव वाचून निकाल देणं त्याला जमत नव्हतं. कायदा त्याच्याही हातात होता, माझ्याही होता.

त्याचं सगळंच मला पटतं असं नाही. दारूच्या बाबतीत तो ढिला होता. गुत्ते बंद करा म्हणून टोलेडोतले पाद्री त्याच्या मागे लागले, सॅम जोन्स नावाचाच एक प्रसिद्ध प्रचारक बाहेरून येऊन त्याच्याविरुद्ध भाषणं करून गेला. महापौर जोन्सचं उत्तर असं की गरिबाला बसायला तेवढीच एक जागा आहे, ती बळानं बंद करून माणूस सुधारत नाही. तुरुंगाबद्दल तो जे म्हणाला ते मी मानते. हे मानत नाही. आडव्या बाटलीच्या मतदानासाठी आमच्या तालुक्यातल्या बाया रांगेत कशा उभ्या राहिल्या ते मी पाहिलंय, कडेवर पोर, डोळ्याखाली काळं. गुत्ता चालू राहिला की गरिबाच्याच घरातला दुसरा गरीब मार खातो. ती बाई जोन्सच्या कोर्टात आली असती तर त्यानं तिलाही नीट विचारलं असतं, याची मला खात्री आहे. पण त्या काळी तिथं तिला मत नव्हतं.

शेवटच्या वर्षांत त्याची झुंज ट्रामगाड्यांच्या कंपनीशी होती. कंपनीला शहराच्या रस्त्यांवरचा हक्क पुढच्या पुष्कळ वर्षांसाठी वाढवून हवा होता आणि नगर परिषद द्यायला तयार होती. जोन्सचं म्हणणं, रस्ते लोकांचे आहेत. त्यानं ठराव अडवला आणि लोकांना सांगितलं, परिषदेत येऊन बसा. लोक खरोखर गेले, सभागृह भरून गेलं, आणि सदस्यांना माघार घ्यावी लागली. ग्रामसभेला कोरम भरत नाही म्हणून सभा तहकूब करून त्याच दिवशी पुन्हा घेणाऱ्या आम्हा लोकांना हे वाचताना गहिवरून येतं.

12 जुलै 1904 ला तो पदावर असतानाच गेला, 57 वर्षांचा होता. अंत्ययात्रेला शहर लोटलं. गिरणीतले कामगार, फेरीवाले, ज्यांना त्यानं कोर्टातून सोडलं होतं ते, सगळे रडत होते. आणि बाजारात ट्राम कंपनीच्या शेअरचा भाव चढला. पुढच्या वर्षी त्याचा मित्र ब्रँड व्हिटलॉक महापौर म्हणून निवडून आला, तोही अपक्षच, आणि जोन्सचं काम पुढे नेत राहिला.

शेअरचा भाव चढला हे मी बाबांना सांगितलं. त्यांना शेअर म्हणजे काय ते समजावून द्यावं लागलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे तो जिता व्हता तवर त्याहिचं अडून व्हतं." आणि थोड्या वेळानं, "चांगला रॉड व्हता."

येत्या 1 मेच्या ग्रामसभेत मी एक ठराव मांडणार आहे. सरपंच म्हणून नाही, गावातली मतदार म्हणून. थकबाकी कितीही असो, सरपंच आणि एक सदस्य त्या घरी स्वतः जाऊन, घरातल्या माणसाशी बोलून, तसं नोंदवहीत लिहीपर्यंत कोणाचाही नळ तोडायचा नाही. मसुदा मी लिहून ठेवला आहे. सूचक म्हणून माझं नाव आहे. अनुमोदक म्हणून काकू सही करणार आहेत. गेले पंधरा दिवस त्या संध्याकाळी आमच्याकडे येऊन रॉडखालच्या ओट्यावर माझ्या मुलीच्या वहीत सही गिरवत आहेत.